धन्वंतरी डॉ. भाऊ दाजी लाड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत महाराष्ट्राच्या एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, असा प्रघातच आहे. शिवछत्रपती, लोकमान्य, आगरकर, कर्वे यांच्याविषयी परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानांवर घरात काही ना काही पडतच असते. परंतु रोग्याच्या खाटेशी उभे राहून शिकण्याची आणि शोध घेण्याची रीत ज्यांनी आपल्यात प्रथम आणली, त्या डॉक्टरांच्या पहिल्या पिढीची ओळख मुलांना सहसा कोणी करून देत नाही. म्हणून या अंकासाठी आम्ही डॉ. भाऊ दाजी लाड यांची निवड केली. चारदीवारीच्या आत सवाई जयसिंहांचे जंतरमंतर आहे आणि कोटाबाहेर रामनिवास बागेत अल्बर्ट हॉल आहे. या दोन्ही वास्तूंपाशी भाऊंचे स्मरण व्हावे असे काही त्यांच्या चरित्रात आहे. ते ओघाने येईलच.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ चा, गोव्याच्या पेडणे महालातला. घरची स्थिती अगदी बेताची. वडील पोटासाठी मुंबईस आले आणि मातीच्या बाहुल्या विकून प्रपंच चालवू लागले. मुलगा मात्र बुद्धिबळात विलक्षण. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांचे मन वळविले व मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावयास लावले, असे सांगतात. एल्फिन्स्टन संस्थेत भाऊ शिकले व पुढे तेथेच शिक्षक झाले. याच सुमारास काठेवाड व कच्छमधील बालिकाहत्येच्या चालीवर लिहिलेल्या निबंधास त्यांना सहाशे रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी सहाशे रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. एवढे झाल्यावर दुसरा कोणी त्या नोकरीतच स्थिरावला असता. भाऊंनी ती सोडली, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले.

ज्या संस्थेत ते दाखल झाले, तिची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. मुंबईत १८२६ साली एक देशी वैद्यकीय शाळा निघाली होती. डॉ. मॅक्लेनन तिचे प्रमुख. देशी भाषांतून शिकविता यावे म्हणून त्यांनी पुस्तकांची भाषांतरेही केली. पण सरकारने १८३२ साली ती शाळा बंद केली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या महाविद्यालयाची कल्पना उचलून धरली. १८३८ साली ते वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८४५ साली अध्यापनास आरंभ झाला. त्याच्या शेजारीच, त्याच वर्षी, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यातून निर्माण झालेले रुग्णालय उघडले. रुग्णालय आणि महाविद्यालय एका आवारात असणे आज आपणांस स्वाभाविक वाटते. आपल्या सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाचा कारभारही १९४७ पासून असाच चालला आहे. त्या काळी मुंबईस ही गोष्ट नवी होती.

महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड हे मोठे करारी गृहस्थ होते. व्याख्याने पाठ करून कोणी वैद्य होत नाही, ही त्यांची धारणा. विद्यार्थ्याने कक्षात जावे, रोग्याची नाडी पाहावी, छाती ऐकावी, रोज काय पालट झाला ते लिहून ठेवावे. आणि रोगी दगावलाच, तर शवविच्छेदनात आत काय सापडले त्याचा आपल्या निदानाशी मेळ घालून पाहावा, अशी त्यांची शिस्त होती. उच्चवर्णीय हिंदू मुलाला प्रेतास हात लावणे म्हणजे काय दिव्य होते, याची कल्पना वाचकांनीच करावी. या नोंदी केवळ शिकविण्यापुरत्या राहिल्या नाहीत. त्यांच्या आधारे मोरहेड यांनी १८५६ साली ‘क्लिनिकल रिसर्चेस ऑन डिसीज इन इंडिया’ हा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जमशेटजींच्या रुग्णालयात खाटेवर पडलेली मुंबईची गरीब माणसे त्या ग्रंथाच्या पानापानांवर आहेत.

१८५१ साली या महाविद्यालयातून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. आठच! त्यांत हिंदू होते, पारशी होते, गोमंतकीय ख्रिस्तीही होते. भाऊ दाजी त्यांपैकी एक. पुढे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत गणले गेलेले डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे दुसरे. भाऊंचे धाकटे बंधू नारायण हेही याच विद्येकडे वळले व भावाच्या व्यवसायात त्यांचा उजवा हात झाले.

भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय मांडला आणि थोड्याच वर्षांत मुंबईच्या धनिकांपासून झोपडीतल्या माणसापर्यंत सर्वांच्या तोंडी त्यांचे नाव झाले. गरिबांसाठी त्यांनी धर्मार्थ दवाखाना चालविला. पैसा पुष्कळ मिळाला, आणि तो हातात राहिला नाही, कारण शाळा, ग्रंथ, हस्तलिखिते, ताम्रपट या सर्वांना त्यांच्या थैलीत वाटा होता. त्यांच्या सार्वजनिक कार्याची यादी द्यायची तर सारी स्मरणिका पुरणार नाही. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक, विद्यार्थ्यांच्या ज्ञानप्रसारक सभेचे पहिले भारतीय अध्यक्ष, मुलींच्या शाळांचे पाठीराखे, आणि १८६९ व १८७१ असे दोन वेळा मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ. विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईस आले तेव्हा त्यांना आधार देणाऱ्यांतही भाऊ होते. परप्रांतात गणेशोत्सवात नाटके बसविणाऱ्या आपल्या हौशी मंडळींना हे ठाऊक असावे.

आता जंतरमंतरविषयी. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांचे काळ कोणते आणि त्यांच्या नावावर असलेले ग्रंथ खरोखर त्यांचेच काय, याविषयी विद्वानांत मोठा घोळ होता. भाऊंनी दूरदूरची हस्तलिखिते मिळवून त्याचा उलगडा केला व १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो निबंध प्रसिद्ध झाला. जयसिंहांनी ज्या ज्योतिषपरंपरेचा अभिमान बाळगून ती यंत्रे उभारली, तिचा कालक्रम लावण्यात अशा प्रकारे मुंबईच्या एका मराठी डॉक्टरचा हात आहे. कालिदासाच्या काळावरही त्यांनी लिहिले, अजिंठ्याचे लेख उतरवून घेतले. आणि पुढे विख्यात झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या खर्चाने शिलालेखांच्या शोधार्थ देशभर पाठविले. दिवसभर रोगी तपासणारा माणूस हे सारे केव्हा करीत असे, याचे आम्हांला नवल वाटते.

अल्बर्ट हॉलचे नाते निराळे आहे. मुंबईत राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या नावाने जे वस्तुसंग्रहालय उभारावयाचे होते, त्यासाठी नाना शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ यांनी खटपट केली. भायखळ्याची ती वास्तू १८७२ साली खुली झाली. जयपूरच्या अल्बर्ट हॉलची कोनशिला १८७६ सालची, उद्घाटन १८८७ चे. मौज अशी, की जयपूरच्या संग्रहालयाची घडी बसविणारे टॉमस हेंडली हेही पेशाने डॉक्टरच होते. त्या पिढीच्या डॉक्टरांना नाडीपरीक्षा आणि नाणेपरीक्षा यांत फारसा भेद वाटत नसावा.

परंतु भाऊंच्या चरित्राचा गाभा त्यांच्या वैद्यकीत आहे, आणि तेथे दोन प्रसंग असे आहेत की ते डावलून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला प्रसंग १८६२ चा. करसनदास मुळजी या निर्भीड गुजराती संपादकाने आपल्या ‘सत्यप्रकाश’ पत्रात एका वैष्णव धर्मगुरूंच्या वर्तनावर टीका केली होती. महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईची फिर्याद लावली. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात ती चालली व ‘महाराज लायबल केस’ म्हणून इतिहासात अमर झाली. भाऊंची साक्ष तीत निघाली. महाराजांनी आपणाकडे गुप्तरोगावर उपचार मागितले होते, हे त्यांनी शपथेवर सांगितले. निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूने लागला व त्यांना खर्चापोटी ११,५०० रुपये देवविण्यात आले. समाजसुधारणेच्या इतिहासात या साक्षीचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. एका बलाढ्य गादीविरुद्ध, स्वतःच्या व्यवसायाची पर्वा न करता उभे राहणे सोपे नव्हते. तथापि रोग्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वैद्याने चारचौघांत उघड करावी काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. इंग्रजी कायद्याने वैद्याला न्यायालयात मौन पाळण्याचा अधिकार दिलेला नव्हता, आणि ज्या रोगाची झळ इतर निरपराध स्त्रियांना लागत होती तो लपविणे हाही अधर्मच ठरला असता. आमच्या मते भाऊंनी केले ते बरोबर केले. पण ते सहज केले असेल असे आम्हांस वाटत नाही.

दुसरा प्रसंग महारोगाचा. त्या काळी महारोग्याला गावकुसाबाहेर काढीत; आप्त अंतरत, वारसाहक्कही हातचा जाई. पाश्चात्त्य वैद्यकापाशी त्यावर काही इलाज नव्हता. भाऊ संस्कृत वैद्यकग्रंथ मुळातून वाचीत आणि त्यांत ज्या औषधींचे अद्भुत गुण वर्णिले आहेत, ते खरे की खोटे हे मोरहेड यांच्या शिस्तीने रोग्यावर पडताळून पाहात. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन आहे. पश्चिम समुद्राच्या काठी तो वाढतो व त्याच्या बियांचे तेल कुष्ठावर द्यावे, असे तेथे सांगितले आहे. कोकणात व सह्याद्रीच्या उतारावर हाच वृक्ष कडू कवठी म्हणून ओळखला जातो. बंगालमध्ये त्याच कुळातल्या चालमोगऱ्याच्या तेलाचा प्रयोग डॉ. मुआट यांनी १८५४ साली प्रसिद्ध केला होता. चारदीवारीतील जुन्या पंसाऱ्यांना चालमोगऱ्याचे नाव विचारून पाहावे, ते ओळखतील. भाऊंनी रोग्यांना जे औषध दिले त्यात हे कवठीचे तेल होते, आणि रोग्यांना उतार पडतो अशी त्यांची ख्याती झाली.

मात्र औषध कोणते, हे त्यांनी प्रसिद्ध केले नाही. पुरता अनुभव येईतो बोलायचे नाही, असा त्यांचा पवित्रा होता. गुप्त औषधावर टीका होणे अपरिहार्यच होते, व ती झालीही. ज्या महाविद्यालयाने त्यांना घडविले तेथला पहिला धडाच असा, की आपण पाहिले ते दुसऱ्यालाही पाहता आले पाहिजे. औषधाचे नाव नाही, मात्रा माहीत नाही, मग दुसऱ्या डॉक्टरने पडताळा कसा घ्यावा? एकाच्या हातून शंभर रोगी बरे होतील. पण ज्ञान जगाला मिळाले नाही, तर एकशे एकाव्याचे काय? याउलट भाऊंच्या बाजूनेही बोलता येईल. महारोग हळूहळू चालणारा आजार आहे, तो मधूनच दबतो आणि पुन्हा उसळतो. दोन-चार वर्षांच्या अनुभवावर डांगोरा पिटणारे वैद्य तेव्हाही थोडे नव्हते. एतद्देशीय डॉक्टरच्या शब्दाला गोऱ्या डॉक्टरांत किती वजन मिळेल, याचीही शंका असणे साहजिक होते. एवढे सारे जमेस धरूनही आम्हांला असे वाटते की येथे भाऊंची चूक झाली. घाई टाळणे निराळे आणि नाव झाकून ठेवणे निराळे.

काळाने त्यांना सवड दिली नाही. ऐन भरात असताना त्यांना पक्षाघाताने गाठले, आणि ३१ मे १८७४ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी ते निवर्तले. भगवानलाल तेव्हा त्यांच्याच कामासाठी नेपाळात होते. पुढच्याच वर्षी नारायण दाजीही गेले. १८८८ साली कलकत्त्यास भाऊंच्या लेखांचा संग्रह छापला गेला. त्यात कालिदास आहे, शिलालेख आहेत, महारोगाचे औषध नाही.

दैवाचा योग असा, की त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेत डॉ. हॅन्सेन यांना महारोगाचे जंतू दिसले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात अनेक वर्षे काम केलेले डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी हा रोग अभ्यासण्यास नॉर्वेस गेले होते. शरीरशास्त्राच्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातील आकृत्या काढणारे कार्टर ते हेच. जमशेटजींच्या रुग्णालयात महारोगाविषयी त्यांनी केलेले निरीक्षण पुढे फार मोलाचे ठरले. कवठीच्या तेलाचे रहस्यही फार दिवस राहिले नाही. भाऊंच्या पश्चात वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या वृक्षाची ओळख पटविली, आणि पोटात घेता मळमळ आणणारे ते तेल विसाव्या शतकात सुईने टोचून देण्याच्या पद्धती कलकत्त्यापासून हवाईपर्यंत शोधल्या गेल्या. त्याने रोग समूळ जात नसे, पण पुष्कळांना उतार पडे. १९४० नंतर सल्फोन औषधे आली आणि मग १९८१ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत; तेव्हा हे तेल मागे पडले. आज महारोग पूर्ण बरा होतो.

भाऊंचे चरित्र अ. का. प्रियोळकरांनी परिश्रमपूर्वक लिहिले आहे; ज्यांना अधिक जाणून घ्यावयाचे आहे त्यांनी ते मिळवून वाचावे. माटुंग्यास त्यांच्या नावाचा रस्ता आहे. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले, आणि जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा खुले झाले. सुटीत मुंबईस जाणाऱ्या कुटुंबांनी राणीची बाग पाहिली की शेजारची ही इमारतही पाहावी. तेथून जमशेटजींचे रुग्णालय फार लांब नाही.