विश्लेषण : तीन रणांगणे, एक फसलेला बेत... जाम चौरस्त्यावरून अप्पासाहेब भोसले यांचा माग

वर्धा जिल्ह्यातील जाम बहुतेकांना महामार्गावरचा चौरस्ता म्हणूनच ठाऊक आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा रस्ता इथून हिंगणघाट, पांढरकवड्याकडे जातो. दुसरा वरोऱ्यामार्गे चंद्रपूरला फुटतो. याच तीन दिशांना १८१७-१८ मधील तीन लढायांची ठिकाणे आहेत : सीताबर्डी, पांढरकवडा आणि चंद्रपूर. स्वतंत्रपणे पाहिली तर ती तीन पराभवांची ठिकाणे वाटतात. क्रमाने पाहिली तर नागपूरकर अप्पासाहेब भोसले यांचा एकच फसलेला बेत समोर येतो.

अप्पासाहेब कोण होते?

अप्पासाहेब म्हणजे मुधोजी भोसले (दुसरे). जन्म १७९६चा. वडील व्यंकोजी हे नागपूरचे राजे दुसरे रघुजी यांचे धाकटे भाऊ. मार्च १८१६ मध्ये रघुजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी प्रकृतीने राज्यकारभार सांभाळण्याजोगे नव्हते. दरबारात गट पडले आणि कारभार आपल्या हाती ठेवण्यासाठी अप्पासाहेबांनी इंग्रजांचा आधार घेतला. मे १८१६ मध्ये त्यांनी तैनाती फौजेचा तह केला. रघुजींनी अखेरपर्यंत टाळलेली गोष्ट दोन महिन्यांत झाली. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत आढळले. त्या वेळी अप्पासाहेब राजधानीबाहेर होते. पुढे इंग्रजांनी या मृत्यूचा ठपका त्यांच्यावरच ठेवला. गादी मात्र त्यांनाच मिळाली.

सीताबर्डीवर काय घडले?

गादीवर येताच तैनाती फौजेचे ओझे त्यांना जाणवू लागले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकीला पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला अप्पासाहेबांनी पेशव्यांनी पाठवलेली सेनापतिपदाची वस्त्रे उघड दरबारात स्वीकारली. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने त्याचा अर्थ ओळखला.

त्या काळी सीताबर्डीवर किल्ला नव्हता. होत्या फक्त दोन उघड्या टेकड्या. पश्चिमेच्या पायथ्याशी रेसिडेन्सी, पूर्वेला शहर. इंग्रजांकडे सुमारे चौदाशे सैनिक होते, भोसल्यांकडे त्याच्या कितीतरी पट. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झालेला मारा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. अरब शिपायांनी उत्तरेची लहान टेकडी घेतली, तेव्हा इंग्रजांची मोठी टेकडीही धोक्यात आली. पण कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात मुसंडी मारली, लहान टेकडीही परत गेली आणि डाव उलटला. इंग्रजांचे ३६७ सैनिक ठार वा जखमी झाले. अप्पासाहेब स्वतः फौजेसमोर नव्हते. लढाई फसल्यावर त्यांनी जेंकिन्सकडे वकील पाठवून हात झटकले.

मग चंद्रपूरचा बेत कुठून आला?

डिसेंबरमध्ये इंग्रजांची कुमक पोहोचली आणि १६ तारखेला अप्पासाहेब शरण गेले. त्यांचे सरदार गणपतराव सुभेदार मात्र काही फौजेसह निसटून पेशव्यांना मिळाले. शहरातल्या अरबांनीही महिनाअखेरपर्यंत दाद दिली नाही. जानेवारी १८१८ च्या करारात मोठा मुलूख गेला. सीताबर्डीच्या टेकड्याही तटबंदीसाठी इंग्रजांना मिळाल्या. आजचा किल्ला हा त्या पराभवानंतरचा आहे.

गादी शाबूत राहिली तरी अप्पासाहेबांचा पेशव्यांशी गुप्त संपर्क सुरूच होता. आपण चंद्रपूरच्या भक्कम परकोटात जायचे, दुसरे बाजीराव पश्चिमेकडून तिथे येतील आणि दोन फौजा एक होतील, असा हा बेत होता. जेंकिन्सला त्याचा सुगावा लागला. १५ मार्च १८१८ रोजी त्याने अप्पासाहेबांना अटक केली.

पांढरकवडा आणि चंद्रपूरला काय झाले?

बाजीराव निघाले होतेच. त्यांना चंद्रपूर गाठू द्यायचे नाही, यासाठी कर्नल अॅडम्सची फौज हिंगणघाटला आली. आज जामवरून काही मिनिटांत गाठता येणारे हे गाव तेव्हा मोक्याचे ठरले. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ अॅडम्सने पेशव्यांच्या फौजेची दाणादाण उडवली. बाजीराव निसटले, पण चंद्रपूरची वाट बंद झाली. जूनच्या सुरुवातीला त्यांनी माल्कमपुढे शरणागती पत्करली. पांढरकवड्याची लढाई झाली तेव्हा अप्पासाहेब नागपुरातच कैदेत होते.

मग अॅडम्स चंद्रपूरकडे वळला. किल्लेदार गंगासिंग यांनी परकोट लढवला. तोफांनी तटाला भगदाड पाडल्यावर २० मे रोजी इंग्रज आत घुसले. गंगासिंग लढताना पडले. त्याच्या आठवडाभर आधी, १३ मेच्या रात्री, अलाहाबादला नेले जात असताना अप्पासाहेब जबलपूरजवळच्या मुक्कामातून शिपायाच्या वेशात पळाले होते. ज्या किल्ल्यावर सारी भिस्त होती, तो पडला तेव्हा ते फरारी होते.

पुढे काय झाले?

महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. तिथून १८१९ मध्ये ते अशीरगडाकडे गेले, पण एप्रिलमध्ये तो गडही इंग्रजांनी घेतला. मग पंजाब आणि अखेर जोधपूर. राजा मानसिंह यांनी त्यांना इंग्रजांच्या हवाली केले नाही. १८४० मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. नागपूरची गादी लहानग्या तिसऱ्या रघुजींना मिळाली. १८५३ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले.

ही रणांगणे कशी पाहावीत?

अमेरिकेतील गेटिसबर्गला १९१५ पासून परवानाधारक मार्गदर्शक आहेत. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. कारण रणांगणावर अनेकदा मोकळे शेत किंवा टेकडीच उरते. कोण कुठून आले आणि का आले, हे कोणी सांगितले तरच जागा बोलू लागते.

विदर्भातही तेच आहे. सीताबर्डी किल्ला लष्कराच्या ताब्यात असून ठरावीक दिवशीच लोकांसाठी खुला होतो. त्यामुळे सहलीची तारीख आधी तिथूनच ठरवावी. चंद्रपूरचा परकोट आणि जटपुरा, पठाणपुरा यांसारखे दरवाजे आजही उभे आहेत. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी परकोटाची स्वच्छता केली आणि तिथे वारसा-फेऱ्याही घेतल्या. पांढरकवड्याला नजरेत भरेल असे फारसे काही नाही. तिथे नकाशाच कामी येतो.

क्रम मात्र बदलू नये. आधी नागपूर, मग जामवरून पांढरकवडा आणि परत जामला येऊन चंद्रपूर. या वाटेने गेल्यावर अप्पासाहेबांना भित्रा किंवा शूर अशी एकच चिठ्ठी लावणे अवघड जाते. ज्या तैनाती फौजेला त्यांनी सत्तेसाठी स्वतः बोलावले, तिच्याशीच त्यांना लढावे लागले. आणि त्याची किंमत सीताबर्डीच्या अरबांनी, पांढरकवड्याच्या स्वारांनी आणि गंगासिंगांनी मोजली.