सोवळ्याच्या घरातली हसरी लेक

माणूस लहानपणी जसा घडतो तसाच तो जन्मभर राहतो, असे आपण सहज बोलून जातो. मानसशास्त्राच्या पहिल्या पुस्तकातही बालपणाच्या संस्कारांना मोठा मान असतो. पण नगर जिल्ह्यातल्या राहुरीवरून जाताना मला एक बाई हटकून आठवते आणि ही समजूत डळमळते. ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांचे. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. घरात येईल ती वस्तू धुवायची. मीठ-साखरेचीही त्यातून सुटका नसे. आज अशा माणसाला आपण मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊ. तेव्हा त्याला धर्मनिष्ठा म्हणत आणि जाच बायकामुले सोसत.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पती नारायण वामन टिळक म्हणजे बुद्धिमान कवी, पण तापट आणि हातातला पैसा वाटून मोकळा होणारा माणूस. 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसाराचे दोन तुकडे झाले. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. मन सैरभैर व्हावे असाच तो काळ होता.

पुढे त्या पतीकडे आल्या, पण आल्याबरोबर धर्म बदलला नाही. आधी सोवळे सांभाळले. मग विचार केला की माणसामाणसांतली उच्चनीचता देवाची नव्हे, माणसाचीच. वडिलांच्या घरातली भीती अशी हळूहळू, स्वतःशी वाद घालत गळून पडली. 1900 मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत जाणे वेगळे आणि स्वतःच्या पायांनी पोहोचणे वेगळे!

नगरच्या त्यांच्या घरात कोवळ्या वयाचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, मुलासारखे राहिले. त्या अडनिड्या वयातल्या हळव्या कवीला या घराने माया दिली.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईच्या बुद्धीचे मोजमाप कसे करायचे? 1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. त्याचे उरलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. मुलाच्या आग्रहाखातर लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी आत्मचरित्रांचा मानदंड ठरली. 1936 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या पुस्तकात दुःख पानोपानी आहे, तक्रार मात्र शोधूनही सापडत नाही. वडिलांच्या सोवळ्याकडे, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाकडे आणि स्वतःच्या फजितीकडे त्या हसून पाहतात. सुख म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे, हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा लक्ष्मीबाईंकडून अधिक कळले. बालपण आपल्याला घडवते, हे खरेच. पण पुढचे घडणे आपल्या हाती उरते. राहुरी मागे पडते तेव्हा मनात एवढेच उरते आणि तेवढे पुरते.