आंधळ्यांचे गुरुजी

व्हॅलेंटीन आऊई यांचा जन्म १३ नोव्हेंबर १७४५ रोजी फ्रान्स देशात एका लहान गावी झाला. त्यांचे वडील विणकर होते.

१७७१ साली पॅरिस शहरात जत्रा होती. तिथे आंधळ्या माणसांना मोठमोठे चष्मे घालून वाजवायला बसवले होते. लोक त्यांना खो खो हसत होते. आऊईंना फार वाईट वाटले. आंधळ्यांना शिकवायचेच, असे त्यांनी ठरवले.

१७८४ साली त्यांना फ्रान्स्वा लेस्युअर हा आंधळा मुलगा भेटला. तो चर्चच्या दारात भीक मागायचा. शिकायला बसला तर खाणार काय? म्हणून भिकेचे बुडालेले पैसे आऊईच त्याला द्यायचे. तो उठावाची अक्षरे बोटांनी चाचपून वाचायला शिकला.

मग आऊईंनी आंधळ्या मुलांची शाळा काढली. मुले सूत कातायला, विणायला शिकली. १७८६ साली तर त्यांनी छापखान्यात पुस्तक छापले! राजानेही त्यांचे काम पाहिले.

पुढे १८१९ साली याच शाळेत लुई ब्रेल आला. तेव्हा तो आमच्याएवढाच, दहा वर्षांचा होता. त्याने आंधळ्यांची ठिपक्यांची लिपी केली.

१८२२ साली आऊई वारले. आंधळ्याला नुसती भीक घालू नये, काम शिकवावे, हे त्यांनी जगाला दाखवले.