विश्लेषण : युद्धकैद्यांपुढे गाणे मॉरिस शेव्हालिए यांच्या अंगाशी का आले?

तिरकी गवती हॅट आणि खट्याळ हसू ही गायक मॉरिस शेव्हालिए यांची ओळख. पॅरिसच्या मेनिलमोंतां या कामगार वस्तीत १८८८ मध्ये जन्मलेले शेव्हालिए कोवळ्या वयातच म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-नाच-नकलांच्या रंगमंचावर उतरले. १९१४ मध्ये युद्धात जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती लागले. आल्टेनग्राबोच्या छावणीत ब्रिटिश कैद्यांकडून ते इंग्रजी शिकले. तेच पुढे हॉलिवूडमध्ये कामी आले. ‘द लव्ह परेड’साठी ऑस्करचे नामांकनही मिळाले.

१९४१ मध्ये, फ्रान्स जर्मनीपुढे हरलेला असताना, ते पुन्हा त्याच छावणीत फ्रेंच कैद्यांसाठी गायले. मोबदला एकच, दहा कैद्यांची सुटका. नाझी प्रचारयंत्रणेने मात्र या कार्यक्रमाचा पुरेपूर फायदा उठवला आणि शेव्हालिए यांच्यावर फितुरीचा शिक्का बसला. त्यांनी आपली ज्यू जोडीदार नीता राया आणि तिच्या आईवडिलांना आसरा दिला होता. पण ही गोष्ट तेव्हा उघड सांगण्यासारखी नव्हती! १९४४ मध्ये तर त्यांना ठार केल्याची खोटी बातमीही पसरली. अखेर चौकशीत ते निर्दोष सुटले.

‘जीजी’ या चित्रपटाने १९५८ मध्ये त्यांना पुन्हा जगभर नेले. पुढच्याच वर्षी मानद ऑस्कर मिळाले. १ जानेवारी १९७२ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.