रमाबाईंचं उघडं दार

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या आठ जणी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. चौफुल्याला उतरून केडगावला जायचं होतं. नगरजवळचं केडगाव नव्हे बरं का, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंचं केडगाव.

या जाण्यामागे कारण होतं. आमच्या गटात एक ख्रिस्ती मैत्रीण आहे. कुणाच्या घरी आजारपण आलं की डबा घेऊन पहिली तीच हजर. एकदा बैठकीत एकीच्या ऑपरेशनचा विषय निघाला, तेव्हा तिने डोळे मिटून तिथेच दोन मिनिटं प्रार्थना केली. दोघी-तिघींच्या कपाळाला आठ्या पडल्या. नंतर मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की हे आपल्या घरी कर, गटात नको. ती काही बोलली नाही. डबे पूर्वीसारखेच येत राहिले. मला मात्र चुटपुट लागली. गटाचं हळदीकुंकू आम्ही दरवर्षी थाटात करतो, त्याला तिने कधी नाक मुरडलं नव्हतं.

बी. ए. ला असताना रमाबाईंबद्दल परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता पुन्हा वाचायला घेतलं.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला, पण मुलीलाही शिकवलंच. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हे कुटुंब देशभर फिरलं. दुष्काळात अन्नान्नदशा झाली. आई, वडील, बहीण सगळी गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची संस्कृत विद्या बघून तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं. पुढे भाऊही गेला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या दुसऱ्या जातीच्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि 1882 मध्ये पतीही गेले.

तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यात आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी बाई शिक्षक आणि बाई डॉक्टर हवेत, असं ठणकावून मांडलं. पुण्याला त्यांचं केवढं कौतुक! पण 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. कौतुक करणाऱ्यांना धक्काच बसला.

मैत्रिणींनो, आता आपल्याला वाटेल की बाई पुरती मडमीण झाली. तसं काही झालं नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. तिथल्या जोगिणींशीही धर्माच्या बाबतीत वाद घालत राहिल्या. देव मी मानला आहे, पण विचार कुणाकडे गहाण टाकलेला नाही, असा त्यांचा बाणा होता.

तिथून त्या अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिलं, व्याख्यानं देऊन पैसा उभा केला. 11 मार्च 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. इथे धर्म शिकवला जाणार नाही, असा शब्द दिलेला होता. मुलींना आपले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करायच्या. दार मात्र उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या.

त्यावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठलं. केसरीने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कितीतरी मुलींना घरच्यांनी काढून नेलं. विरोध करणारे सगळेच काही वाईट नव्हते हो. दिलेला शब्द मोडतोय, अशी त्यांना खरंच भीती वाटत होती, आणि आश्रयाला आलेल्या मुलीवर आश्रय देणारीचा प्रभाव पडतोच. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्याच घरात लपून प्रार्थना करणार नाही. याच सदनात शिकलेली पहिली विधवा गोदूबाई. ती ख्रिस्ती झाली नाही. 1893 मध्येच ती धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न करून आनंदीबाई झाली. आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो.

मग 1896 चा दुष्काळ आला. भूक काय असते ते रमाबाई लहानपणीच शिकल्या होत्या. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या सुमाराला तिथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका करत. अंध मुलींना ब्रेल शिकवत. इथे मात्र वातावरण उघडपणे ख्रिस्ती होतं. उपाशी पोराला धर्माची निवड कशी करता येणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो मलाही पडतो. पण त्या पोरींना उचलून आणायला दुसरं कितीजण गेलं होतं, हाही प्रश्न आहेच.

राज्य ख्रिस्ती लोकांचं होतं, म्हणून रमाबाई गप्प बसल्या नाहीत. 1897 मध्ये प्लेगच्या वेळी सरकारी व्यवस्थेत बायकांचे जे हाल झाले, त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर तक्रार केली.

शेवटची वर्षं त्यांनी बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. तरी काम पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

केडगावला मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे. आधी परवानगी काढलेली होती, म्हणून आवारात फिरता आलं. आमची ख्रिस्ती मैत्रीण सगळ्यांच्या मागून गप्प चालत होती. मी थांबले आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल तिची माफी मागितली. ती हसली आणि पिशवीतून सगळ्यांसाठी आणलेल्या दशम्या काढल्या.

पुढच्या बैठकीत आम्ही एक ठरवलं. कुणाच्या घरी अडचण असली की दोन मिनिटं शांत बसायचं. ज्या देवाला हात जोडायचे त्याला जोडा, नसतील जोडायचे तर नुसत्या बसा. मात्र त्यानंतर डबा कोण नेणार, ते लगेच वहीत लिहायचं. पहिल्या महिन्यात वहीत पाच नावं आली. त्यांत कपाळाला आठ्या घालणाऱ्यांपैकीही एक होती.