एम. कृष्णन

माधवैया कृष्णन (जन्म : तिरुनेलवेली, ३० जून, इ.स. १९१२, - १८ फेब्रुवारी, इ.स. १९९६) हे भारतीय निसर्गलेखक, वन्यजीव छायाचित्रकार आणि चित्रकार होते. ते एम. कृष्णन या नावाने ओळखले जातात. कलकत्त्याच्या द स्टेट्समन या इंग्रजी दैनिकातील त्यांचे पाक्षिक सदर इ.स. १९५० पासून त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे ४६ वर्षे चालू होते. छायाचित्रणात त्यांनी केवळ कृष्णधवल फिल्म वापरली. एका बनावटीचा कॅमेरा, दुसऱ्या बनावटीचे टेलिफोटो भिंग आणि त्यांना जोडणारे स्वतः तयार केलेले भाग, अशा घरगुती जुळणीतून त्यांनी दक्षिण भारतातील वन्य प्राण्यांची छायाचित्रे काढली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांचा इ.स. १९५९ ते १९७० या काळातील वन्यजीवांविषयीचा ग्रंथ प्रकाशित केला.

बालपण आणि शिक्षण

कृष्णन हे तमिळ साहित्यिक आणि समाजसुधारक अ. माधवैया यांच्या आठ अपत्यांपैकी सर्वांत धाकटे होते. माधवैया ब्रिटिश सरकारच्या मीठ आणि अबकारी खात्यात नोकरीला होते. त्यांचे पद्मावती चरित्रम हे तमिळमधील आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक मानले जाते. कुटुंबाचे वास्तव्य मद्रासच्या मैलापूर भागात होते. त्या काळी या भागाच्या आसपास झुडपी रान आणि मोकळी जागा होती आणि तेथे पक्षी व लहान प्राणी सहज दिसत. कृष्णन यांनी लहानपणी मुंगूस पाळले होते. इ.स. १९२५ मध्ये वडिलांचे निधन झाले तेव्हा ते अवघे तेरा वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या संगोपनाची जबाबदारी थोरल्या भगिनी लक्ष्मी यांनी उचलली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथील प्राध्यापक पी. एफ. फायसन हे दक्षिण भारतातील डोंगराळ प्रदेशांतील वनस्पतींचे अभ्यासक होते. त्यांच्यासोबत कृष्णन यांनी निलगिरी आणि कोडाईकनाल येथे अभ्यासदौरे केले. फायसन यांच्या पत्नीकडून ते जलरंगचित्रण शिकले. वनस्पतीचे चित्र काढताना पानांची मांडणी, शिरा आणि फुलाची रचना बारकाईने पाहावी लागते. ही सवय पुढे त्यांच्या छायाचित्रणातही टिकून राहिली. कृष्णन यांनी कायद्याची पदवीही घेतली, मात्र वकिलीत त्यांचे मन रमले नाही. इ.स. १९३७ मध्ये त्यांचा विवाह इंदुमती हसबनीस यांच्याशी झाला.

संडूरमधील वर्षे

शिक्षणानंतरची काही वर्षे कृष्णन यांनी तात्पुरत्या नोकऱ्या आणि तमिळ नियतकालिकांतील लेखन व रेखाटने यांवर काढली. इ.स. १९४२ मध्ये त्यांना बळ्ळारीजवळच्या संडूर संस्थानात नोकरी मिळाली. संडूर हे घोरपडे या मराठा घराण्याचे छोटे संस्थान होते. तेथे कृष्णन यांनी शिक्षक, न्यायाधीश, प्रसिद्धी अधिकारी आणि संस्थानिकांचे राजकीय सचिव अशी निरनिराळी कामे केली.

संडूरचा परिसर डोंगरांनी वेढलेला आणि काटेरी झुडपांचा आहे. पठाराचा हा कोरडा भाग निसर्गदृष्ट्या मराठवाड्यातील धाराशिव किंवा शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील माळरानांपासून फारसा वेगळा नाही. अशा प्रदेशात मोठ्या जंगलांसारखी दाट वनराजी नसते. तेथील प्राणी मेंढपाळांच्या कळपांशेजारी आणि शेतांच्या कडेला वावरतात. कृष्णन यांनी येथे मेंढ्या राखल्या, कबुतरे पाळली आणि कबुतरांकरवी निरोप पाठवण्याचे प्रयोग केले. फावल्या वेळात त्यांनी आसपासच्या रानाचे निरीक्षण केले. वन्य जीवनाविषयी नियमित लेखन करण्याची बैठक त्यांना येथेच लाभली. संस्थानाचे युवराज एम. वाय. घोरपडे हेही पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्री आणि नामवंत वन्यजीव छायाचित्रकार म्हणून ओळखले गेले.

इ.स. १९४९ मध्ये संडूरचे विलीनीकरण झाले आणि कृष्णन मद्रासला परतले. सरकारी नोकरी न स्वीकारता त्यांनी लेखन आणि छायाचित्रण यांवरच उदरनिर्वाह करण्याचे ठरवले. भारतात त्या काळी निसर्गलेखनाला स्वतंत्र व्यवसाय म्हणून जवळजवळ अस्तित्वच नव्हते. मर्यादित उत्पन्नाचा परिणाम त्यांच्या छायाचित्रणाच्या साधनांवरही झाला.

टेलिफोटो भिंग आणि त्याच्या मर्यादा

वन्य प्राणी माणसाला ठरावीक अंतराच्या आत येऊ देत नाहीत. त्यामुळे लांब नाभीय अंतराच्या भिंगाशिवाय त्यांचे मोठ्या आकाराचे छायाचित्र मिळणे कठीण असते. साध्या भिंगाचे नाभीय अंतर वाढवले की त्याची नळीही तितकीच लांब करावी लागते. यावर इ.स. १८९१ मध्ये उपाय सापडला. लंडनचे थॉमस डालमायर, बर्लिनचे अडॉल्फ मिथे आणि म्युनिकचे श्टाइनहाइल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे टेलिफोटो रचना मांडली. या रचनेत पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट असतो. त्यामुळे नळीची प्रत्यक्ष लांबी नाभीय अंतरापेक्षा कमी राहते.

अशा भिंगामुळे प्राणी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तितक्याच प्रमाणात मोठी होते. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी प्रचलित नियम असा की, ४०० मिमीचे भिंग हातात धरून वापरायचे असल्यास शटरचा वेग किमान सेकंदाचा ४००वा भाग असावा. १०० संवेदनशीलतेच्या फिल्मवर, एफ ५.६ छिद्र ठेवून, स्वच्छ उन्हात सेकंदाचा सुमारे ८००वा भाग मिळतो. दाट सावलीत प्रकाश याच्या बत्तिसाव्या भागाइतका उरला, तर तोच वेग सेकंदाच्या २५व्या भागावर उतरतो. अशा वेळी कॅमेऱ्याला भक्कम आधार देणे किंवा प्राणी स्थिर होण्याची वाट पाहणे एवढेच पर्याय राहतात. अधिक संवेदनशील फिल्म घेतल्यास तिचे कण ठळक दिसतात आणि केस, कातडीवरील सुरकुत्या यांसारखे तपशील हरवतात.

उघड्या माळरानावर अडचण वेगळी असते. तेथे प्रकाश भरपूर असतो, पण आडोसा नसल्याने काळविटासारखा प्राणी दुरूनच सावध होतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर येणाऱ्या हवेमुळे दूरची आकृती थरथरताना दिसते. हा दोष कोणत्याही भिंगाने दूर होत नाही. त्यामुळे माळरानावर सकाळची आणि सायंकाळची वेळ छायाचित्रणाला अधिक सोयीची ठरते.

छायाचित्रणाची साधने

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत परकीय चलनाच्या टंचाईमुळे कॅमेरे आणि भिंगांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. नवे परदेशी टेलिफोटो भिंग सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्याबाहेर होते. कृष्णन यांनी त्यामुळे मिळतील ते भाग एकत्र करून स्वतःची साधने तयार केली. मोठ्या आकाराच्या फिल्मचा कॅमेरा, वेगळ्या बनावटीचे भिंग आणि दोहोंमधील जोडणी अशा त्यांच्या एका अवजड जुळणीला त्यांनी गमतीने सुपर पॉन्डेरोसा असे नाव दिले होते. तिचे रूप पाहून समकालीन छायाचित्रकार चकित होत असत.

अशा जुळणीत भिंग आणि फिल्म यांमधील अंतर अचूक असावे लागते. जोडनळी थोडी जरी अधिक लांब झाली तरी दूरची वस्तू स्पष्ट येत नाही. भिंगाचा अक्ष फिल्मच्या पृष्ठभागाला लंब नसेल, तर चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी अस्पष्ट येते. म्हणून नवी जुळणी जंगलात नेण्यापूर्वी ती निरनिराळ्या अंतरांवर आणि छिद्राच्या निरनिराळ्या मापांवर वापरून पाहावी लागते. फिल्म धुतल्याशिवाय निकाल कळत नसल्याने ही चाचणी वेळखाऊ आणि खर्चिक असे.

मोठ्या फिल्मचा लाभ असा होता की निगेटिव्हमध्ये तपशील अधिक उतरत आणि प्राणी चौकटीत लहान आला तरी तेवढा भाग मोठा करून छापता येत असे. रंगीत फिल्म सर्वत्र रूढ झाल्यानंतरही कृष्णन कृष्णधवल माध्यमालाच चिकटून राहिले. फिल्म धुणे आणि छापणे ही कामे ते स्वतः करीत. त्यामुळे प्रकाशातील उणीव छपाईच्या वेळी काही प्रमाणात भरून काढणे त्यांच्या हाती राहत असे.

कार्यपद्धती

कृष्णन यांचा भर साधनापेक्षा प्राण्याच्या सवयी ओळखण्यावर होता. प्राणी पाण्यावर कधी येतो, वारा कोणत्या दिशेने वाहतो आणि कळपातील कोणता प्राणी आधी सावध होतो, हे ठाऊक असल्यास लांब भिंगाची गरज कमी होते. त्यांनी पायी फिरून तसेच पाळीव हत्तीवर बसून छायाचित्रे काढली. रानातील हत्ती, गवे आणि हरणे पाळीव हत्तीला सहसा बुजत नाहीत. त्याच्या वासात आणि आकारात पाठीवरच्या माणसाकडे त्यांचे फारसे लक्ष जात नाही. मात्र उभा असलेला हत्तीही सतत थोडा हलत असतो. त्यामुळे त्याच्या पाठीवरून जड भिंग वापरताना त्याचे दोन हेलकाव्यांमधील क्षण साधावे लागतात.

निलगिरीच्या पायथ्याशी असलेल्या मुदुमलाईच्या जंगलात त्यांनी वन्य हत्तींची अनेक छायाचित्रे काढली. प्राण्याचे केवळ देखणे रूप टिपणे त्यांना पुरेसे वाटत नसे. तो काय खात आहे, त्याचे वय काय असावे आणि कळपातील इतरांशी त्याचे नाते कसे आहे, हे चित्रातून कळावे असा त्यांचा प्रयत्न असे. त्यामुळे त्यांच्या चित्रांत आसपासचे गवत, झाडे आणि पाणी यांनाही स्थान मिळाले.

सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण

इ.स. १९६८ मध्ये कृष्णन यांना जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारे त्यांनी भारतीय द्वीपकल्पातील मोठ्या सस्तन प्राण्यांचे परिस्थितिकीय सर्वेक्षण केले. या अभ्यासाचे भाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इ.स. १९७५ मध्ये त्यावर आधारित ग्रंथ सोसायटीने प्रकाशित केला.

या कामाचा काळ भारतीय वन्यजीवांच्या दृष्टीने कसोटीचा होता. धरणे, शेतीचा विस्तार, वृक्षतोड आणि शिकार यांमुळे अनेक प्राण्यांची वस्तीस्थाने आक्रसत होती. वन्यजीव संरक्षण कायदा इ.स. १९७२ मध्ये आणि व्याघ्र प्रकल्प इ.स. १९७३ मध्ये आला. त्यापूर्वीच्या दशकात कोणते प्राणी कोठे आणि कशा स्थितीत होते, याची प्रत्यक्ष पाहणीवर आधारित नोंद म्हणून कृष्णन यांच्या सर्वेक्षणाला आणि छायाचित्रांना महत्त्व आहे.

लेखन आणि भूमिका

द स्टेट्समनमधील कंट्री नोटबुक या सदरात कृष्णन यांनी वाघ आणि हत्तींइतकेच घराच्या अंगणातील खारी, कावळे, सरडे आणि रस्त्याकडेची झाडे यांविषयी लिहिले. लेखांसोबतची रेखाटनेही अनेकदा त्यांचीच असत. जंगल अँड बॅकयार्ड आणि नाइट्स अँड डेज ही त्यांची इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध आहेत. तमिळमध्येही त्यांनी निसर्गविषयक लेख आणि एक रहस्यकथा लिहिली.

देशाची ओळख तेथील माणसांच्या संस्कृतीइतकीच भूमी, वनस्पती आणि प्राणी यांवर अवलंबून असते, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे परदेशी शोभेच्या झाडांच्या लागवडीला त्यांचा विरोध होता. जंगलात माणसाचा हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा आणि काही क्षेत्रे पूर्णपणे निसर्गावर सोडावीत, असा आग्रह त्यांनी धरला. भारतीय वन्यजीव मंडळाचे सदस्य म्हणूनही त्यांनी काम केले.

सन्मान आणि मृत्यू

भारत सरकारने कृष्णन यांना पद्मश्री पुरस्काराने सन्मानित केले. इ.स. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या ग्लोबल ५०० या सन्मानयादीत त्यांचा समावेश झाला. १८ फेब्रुवारी, इ.स. १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या सदरातील शेवटचा लेख त्याच दिवशी प्रसिद्ध झाला.

वारसा

कृष्णन यांच्या मृत्यूनंतर इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी त्यांच्या निवडक लेखांचा संग्रह संपादित केला. इ.स. २००६ मध्ये त्यांच्या छायाचित्रांचा आणि लेखांचा आय इन द जंगल हा संग्रह प्रसिद्ध झाला. मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटीतर्फे त्यांच्या नावाने निसर्गलेखनाचा पुरस्कार दिला जातो.

अंकीय कॅमेऱ्यांमुळे आज लांब भिंगाची चाचणी काही मिनिटांत घेता येते आणि निकालही लगेच पाहता येतो. कृष्णन यांच्या काळात ही सोय नव्हती. तरीही त्यांची छायाचित्रे अभ्यासकांना उपयोगी ठरतात. प्रत्येक प्राणी कोणत्या परिसरात आणि काय करीत असताना टिपला गेला, हे त्यांच्या चित्रांमधून आणि सोबतच्या लेखनातून समजते. त्यातील काही परिसर नंतरच्या काळात पूर्णपणे बदलले आहेत.