विश्लेषण : स्मार्टवॉच येण्याआधी लोणावळ्यात आसनांवेळचा रक्तदाब कोणी मोजला?

रक्तदाबाचा अंदाज देणारी स्मार्टवॉच आता सहज मिळतात. मात्र उपकरण लावायचे, आकडे नोंदवायचे आणि मगच दावा करायचा, ही शिस्त मावळात शंभर वर्षांपूर्वी स्वामी कुवलयानंद यांनी रुजवली.

कुवलयानंद कोण होते?

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. ते संस्कृतचे अभ्यासक होते. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे ते व्यायाम शिकले, तर मालसरचे परमहंस माधवदास हे त्यांचे योगगुरू. काही काळ त्यांनी अमळनेरला अध्यापनही केले.

प्रयोगशाळा कशासाठी?

योगाचे फायदे सांगणारे पुष्कळ होते. आसन करताना शरीरात नेमके काय घडते, हे गुणे यांना तपासायचे होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण आणि दाबमापक ही त्यांची साधने. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. बस्ती क्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, याचे उत्तर त्यातून मिळाले. या पोकळीला त्यांनी गुरूंचे नाव दिले.

रक्तदाबाशी संबंध कसा आला?

सर्वांगासन आणि मत्स्यासन करताना रक्तदाब किती बदलतो, याचे प्रयोग १९२६ मध्ये ‘योगमीमांसा’त प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये महात्मा गांधी कोल्हापूर दौऱ्यात आजारी पडले. त्यांचा रक्तदाब वाढला होता. त्या काळात कुवलयानंद यांनी त्यांना पत्रांतून योगोपचारांचा सल्ला दिला. १८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद यांचे निधन झाले. कैवल्यधामचे काम आजही सुरू आहे.

आजच्या घड्याळांसाठी धडा काय?

दंडावरचा पट्टा हवेने फुगून धमनी दाबतो आणि दाब मोजतो. बहुतेक घड्याळे मात्र त्वचेवर प्रकाश टाकून नाडीची लहर वाचतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. त्यामुळे अशा अनेक घड्याळांची दंडावरच्या यंत्राशी वेळोवेळी जुळणी करावी लागते. मोजण्याची जागा हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली असली, तरी आकडा सुमारे ७ ते ८ मिलिमीटरने जास्त येऊ शकतो. म्हणून पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा आणि दोनदा मोजा. घड्याळाचा आकडा पाहून गोळी बंद करू नका किंवा वाढवू नका. नोंदी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब आटोक्यात नसेल, तर शीर्षासन, सर्वांगासनही त्यांना विचारल्याशिवाय करू नका.